‘अॅव्हरेज’ किती देते? कूपेच्या खर्चात पेट्रोलचा वाटा शंभरात आठ रुपये!

इंझोरी (जि. वाशिम) - प्रतिनिधी

गावात नवी गाडी आली, की तिच्याभोवती जमणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘अॅव्हरेज किती देते?’ मानोरा तालुक्यातील इंझोरीही त्याला अपवाद नाही. सोयाबीन, तूर आणि कपाशी यांच्या उत्पन्नावर संसार चालविणाऱ्या या परिसरात वाहनाची निवड बहुतेक वेळा याच एका प्रश्नाच्या उत्तरावर होते. मोटरसायकल असो वा लहान मोटार, लिटरमागे चार किलोमीटर अधिक देणारे वाहन ‘चांगले’ आणि कमी देणारे ‘पेट्रोल पिणारे’, अशी सरळ वर्गवारी येथे रूढ आहे.

समृद्धी महामार्गामुळे या चर्चेत एक नवे वाहन आले आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू होऊन ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस मोकळा झाला. हा मार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो आणि इंझोरी परिसरातील प्रवाशांना कारंजा लाड येथून त्यावर जाता येते. पूर्वी केवळ चित्रपटांत किंवा महानगरांत दिसणाऱ्या बसक्या, रुंद चाकांच्या, दोन दारांच्या मोटारी आता याच मार्गावरून नागपूर-मुंबई ये-जा करतात. त्याचबरोबर, अशाच आठ-दहा वर्षे वापरलेल्या मोटारी नव्या मध्यम मोटारीच्या किमतीत विकावयास असल्याच्या जाहिराती मोबाइलवर सहज पाहावयास मिळतात. साहजिकच प्रश्न पुढे येतो : ही गाडी अॅव्हरेज किती देते आणि ती पोसणे कितपत परवडते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. लिटरमागे साधारण ८ ते १० किलोमीटर. मात्र या उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर काढू पाहणाऱ्याची फसगत होण्याचीच शक्यता अधिक.

कूपे म्हणजे काय?

‘कूपे’ हा शब्द मराठी वाचकाला रेल्वेमुळे परिचित आहे. पहिल्या वर्गाच्या डब्यातील दोन प्रवाशांसाठीची छोटी खोली म्हणजे कुपे. मोटारीचे नावही त्याच फ्रेंच शब्दावरून आले आहे. ‘कापलेली’ असा त्याचा अर्थ. मोठ्या घोडागाडीचा अर्धा भाग कापून तयार केलेल्या दोन आसनी बग्गीला हे नाव मिळाले आणि पुढे दोन दारांच्या, मागे उतरत्या छताच्या मोटारींना ते चिकटले. अलीकडे उतरते छत असलेल्या चार दारांच्या मोटारींनाही उत्पादक कूपे म्हणू लागले आहेत.

महाराष्ट्राचा या मोटारींशी संबंध केवळ ग्राहक म्हणून नाही. पुण्याजवळ चाकण येथे मर्सिडीज-बेंझचा कारखाना आहे आणि २०२० साली याच कारखान्यात ‘एएमजी जीएलसी ४३ कूपे’ या मोटारीची जुळणी सुरू झाली. भारतात जुळणी झालेली ती पहिली ‘एएमजी’ मोटार ठरली. आलिशान मोटारींची हौस केवळ मुंबई-पुण्यापुरती मर्यादित नाही, हे तर त्याच्याही दहा वर्षे आधी दिसून आले होते. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक आणि व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या होत्या.

तथापि, खऱ्या अर्थाने स्पोर्टी म्हणता येतील अशा दोन दारांच्या बहुतेक कूपे पूर्णपणे तयार अवस्थेत आयात होतात. पुढील हिशेबासाठी त्यांपैकी बीएमडब्ल्यूची ‘एम-२’ ही मोटार नमुना म्हणून घेतली आहे. मे २०२३ मध्ये ती भारतात दाखल झाली, तेव्हा तिची शोरूममधील किंमत ९८ लाख रुपये होती. तिचे इंजिन तीन लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरांचे, दोन टर्बो असलेले असून त्या वेळी त्याची शक्ती ४६० अश्वशक्ती होती. पेट्रोलची टाकी ५२ लिटरची.

पुण्याच्या टेकडीवरील चाचणी

जाहिरातीत छापला जाणारा मायलेजचा आकडा रस्त्यावर मोजलेला नसतो. पुण्यातील वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ अर्थात एआरएआय ही संस्था आहे. अशा मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रयोगशाळेत मोटार मोठ्या रुळांवर उभी केली जाते. चाके फिरतात, रूळ फिरतात, पण मोटार जागची हलत नाही. ठरवून दिलेल्या तक्त्यानुसार तिचा वेग वाढविला व कमी केला जातो आणि धुराड्यातून निघणारा वायू गोळा करण्यात येतो. त्या वायूतील कार्बनच्या प्रमाणावरून किती इंधन जळाले, हे गणिताने काढतात.

या तक्त्याला ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ म्हणतात. त्याचे ‘एमआयडीसी’ हे लघुरूप पाहून औद्योगिक वसाहतीशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. ही चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांहूनही कमी वेळाची असते. त्यातील पहिली ७८० सेकंदे शहरातील संथ वाहतुकीची आणि उरलेली ४०० सेकंदे शहराबाहेरील प्रवासाची. संपूर्ण चाचणीत मोटार ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. समृद्धी महामार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजेच, चाचणीत ज्या वेगाला मोटार स्पर्शही करत नाही, त्या वेगाने ती प्रत्यक्षात तासन् तास धावते. छापील आणि प्रत्यक्ष आकड्यांतील तफावतीचे हे एक मोठे कारण आहे.

परदेशांतील चाचण्या काहीशा कठोर आहेत. ‘एम-२’साठी युरोपीय पद्धतीचा आकडा १०० किलोमीटरला सुमारे १० लिटर, म्हणजे लिटरमागे १० किलोमीटर असा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने याच मोटारीला गॅलनमागे १९ मैल असा सरासरी आकडा दिला. आपल्या हिशेबाने तो लिटरमागे ८ किलोमीटर होतो. भारतीय रस्त्यांचा विचार करता ८ हाच आकडा गृहीत धरणे शहाणपणाचे ठरेल.

मोठे इंजिन तहानलेले का?

इंजिनात शक्ती अधिक असणे आणि ती वापरली जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ताशी ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाने जाण्यासाठी कोणत्याही मोटारीला फारच थोडी शक्ती पुरते. ४६० अश्वशक्तीच्या इंजिनाचा अगदी लहानसा हिस्सा तेव्हा कामास येतो. मात्र सहा सिलिंडरांतील घर्षण, तेल व पाणी फिरविणारे पंप आणि जेमतेम उघडलेल्या झडपेतून हवा ओढून घेण्याचे कष्ट हे सर्व चालूच राहतात. दोन माणसांचे काम असताना दहा मजूर लावावेत आणि दहांचीही मजुरी द्यावी, असा हा प्रकार. हलक्या कामात मोठे इंजिन म्हणूनच अकार्यक्षम ठरते. सिग्नलवर किंवा रेल्वे फाटकावर उभे असतानाही असे इंजिन तासाला एक लिटरच्या आसपास पेट्रोल जाळू शकते.

दुसरे कारण वजनाचे. चालकासह ही मोटार सुमारे १,८०० किलोंची होते. ती ताशी १२० किलोमीटरच्या वेगात असताना ब्रेक लावून थांबवली आणि पुन्हा त्याच वेगाला आणली, तर त्या एका कृतीत अंदाजे १०० मिलिलिटर पेट्रोल खर्ची पडते. लिटरला १०५ रुपये धरल्यास थांबण्याची ही किंमत दहा रुपयांहून अधिक आहे.

तिसरे कारण हवेचे. वेग वाढला, की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ९० ऐवजी १२० किलोमीटरने गेल्यास वेग केवळ एकतृतीयांशाने वाढतो, पण हवेचा विरोध सुमारे पावणेदोन पट होतो. १५० किलोमीटरला तो ९०च्या तुलनेत पावणेतीन पटींवर जातो. कूपेचे छत उतरते असले, तरी रुंद टायर आणि ब्रेक व इंजिन थंड ठेवण्यासाठी समोर ठेवलेली मोठी तोंडे यांमुळे तिलाही हा नियम चुकत नाही. हाच नियम लहान मोटारीला आणि मोटरसायकललाही लागू पडतो. समृद्धीवर ताशी १२० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास होणारी बचत कोणत्याही वाहनाच्या मालकाला जाणवेल अशी असते.

नागपूर ते मुंबई या ७०१ किलोमीटरच्या प्रवासाचा हिशेब त्यामुळे असा होतो. लिटरमागे ८ किलोमीटर धरल्यास कूपेला सुमारे ८८ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे सुमारे ९,२०० रुपये. ५२ लिटरच्या टाकीत हा प्रवास एका दमात होणार नाही. लिटरमागे १८ किलोमीटर देणाऱ्या लहान मोटारीला ३९ लिटर, म्हणजे ४,१०० रुपये पुरतील. टोल मात्र दोघींना सारखाच. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या किलोमीटरमागे २.०६ रुपये या दराने तो १,४४५ रुपये होतो.

‘किलोमीटर प्रतिलिटर’ची चकवी भाषा

मायलेज मोजण्याची आपली पद्धतही काहीशी फसवी आहे. युरोपात ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असे विचारतात. त्या भाषेत पाहिले, तर चित्र वेगळे दिसते. ८ ऐवजी १० किलोमीटर देणारी कूपे घेतल्यास १०० किलोमीटरला अडीच लिटर वाचतात. १८ ऐवजी २० किलोमीटर देणारी लहान मोटार घेतल्यास जेमतेम अर्धा लिटर वाचतो. मोटरसायकल ६० ऐवजी ६५ देऊ लागली, तर बचत सव्वाशे-दीडशे मिलिलिटरची. फरक दोन्हीकडे ‘दोन किलोमीटरचा’ असला, तरी वाचणारे पेट्रोल सारखे नसते. जितके मायलेज कमी, तितका एकेका किलोमीटरचा फरक मोलाचा.

इंधनाच्या प्रकारानेही या आकड्यांत बदल होतो. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जुन्या पद्धतीच्या चारचाकी वाहनांचे मायलेज या मिश्रणाने ६ ते ७ टक्क्यांनी आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज वर्तविला होता. नव्या मिश्रणासाठी जुळवून घेतलेल्या वाहनांत ही घट कमी असते. जुनी आयात कूपे घेणाऱ्याने तिच्या इंधन झाकणावरील आणि पुस्तिकेतील सूचना म्हणूनच आधी वाचाव्यात. उच्च ऑक्टेनचे पेट्रोल मागणारी मोटार असेल, तर ते दर पंपावर मिळत नाही आणि मिळाले तरी त्यासाठी जादा पैसे मोजावे लागतात.

टायर, गतिरोधक आणि गावचा रस्ता

समृद्धीवरून उतरून कारंजा-मानोरा परिसरातील गावरस्त्यांना लागले, की खर्चाचे स्वरूप बदलते. ‘एम-२’च्या मागील टायरवर २८५/३० असा आकडा असतो. २८५ मिलिमीटर ही टायरची रुंदी आणि तिच्या ३० टक्के, म्हणजे सुमारे ८५ मिलिमीटर, ही त्याच्या भिंतीची उंची. लहान मोटारीच्या १६५/८० या टायरची भिंत १३२ मिलिमीटरची असते. खड्ड्याचा धक्का टायरची हीच भिंत सोसते. ती जितकी कमी, तितका धक्का थेट धातूच्या चाकावर बसतो. टायर फुगणे आणि चाक वाकणे या दोन्ही गोष्टी मग एकाच खड्ड्यात होऊ शकतात. अशा बऱ्याच मोटारींत ‘स्टेपनी’ही नसते. पंक्चर दुरुस्तीचे साहित्य आणि हवेचा छोटा पंप एवढ्यावरच भागवावे लागते. भिंत फाटल्यास ते साहित्य निरुपयोगी ठरते आणि गाडी उचलून नेण्यावाचून पर्याय राहत नाही.

गतिरोधकांचे गणितही पाहण्यासारखे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा व उतरणारा असावा. ग्रामीण रस्त्यांवरील कित्येक गतिरोधक हे मानक पाळत नाहीत. ते अरुंद आणि उभे असतात. जमिनीपासून १२०-१४० मिलिमीटर उंचीवर पोट असलेल्या कूपेला ते ओलांडताना खरचटण्याचा धोका कायम असतो.

अशा मोटारीच्या चार टायरांचा संच दीड ते दोन लाख रुपयांच्या घरात जाऊ शकतो. मऊ रबराचे हे टायर जमिनीला घट्ट धरतात आणि त्याच कारणाने लवकर झिजतात. २० हजार किलोमीटरचे आयुष्य धरल्यास किलोमीटरला दहा रुपयांपर्यंतचा खर्च एकट्या टायरांचा. हा आकडा त्याच किलोमीटरच्या पेट्रोलच्या, म्हणजे १३ रुपयांच्या, अगदी जवळ जातो. लहान मोटारीच्या मालकाला टायरचा खर्च वर्षानुवर्षे आठवतही नाही. कूपेच्या मालकाला तो विसरता येत नाही.

सर्वांत मोठा खर्च न दिसणारा

पेट्रोलचे पैसे पंपावर मोजून द्यावे लागतात, म्हणून ते डोळ्यांत भरतात. घसारा मात्र कुणी मागावयास येत नाही. विमा कंपन्या मोटारीचे विम्यापुरते मूल्य ठरविताना जो तक्ता वापरत आल्या आहेत, त्यानुसार पहिल्या सहा महिन्यांत किमतीच्या ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट धरली जाते. सहा लाखांच्या मोटारीत ही घट पाच वर्षांत तीन लाख होते. ९८ लाखांच्या मोटारीत ती ४९ लाख होते. मोटार घराबाहेर न काढता नुसती झाकून ठेवली, तरी ही घट थांबत नाही.

त्यानंतर क्रम लागतो कराचा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील पेट्रोल मोटारींना किमतीनुसार ११ ते १३ टक्के एकरकमी वाहनकर आहे. दहा लाखांपर्यंत ११, वीस लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के. आयात केलेल्या मोटारींसाठी हाच दर २० टक्के आहे. म्हणजे ९८ लाखांच्या आयात कूपेवर साधारण साडेएकोणीस लाखांचा कर. चाकणमध्ये जुळणी झालेली आणि परदेशातून तयार आलेली मोटार यांच्या रस्त्यावरील किमतींत जे अंतर पडते, त्यात सीमाशुल्काबरोबर या फरकाचाही वाटा असतो.

तिसरा खर्च विम्याचा. तृतीय पक्ष विम्याचा दर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो आणि तो सर्वांसाठी समान असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार एक हजार सीसीपर्यंतच्या मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, तर दीड हजार सीसीवरील मोटारीला ७,८९७ रुपये पडतात. हा फरक फारसा मोठा नाही. खरा फरक मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात पडतो. तो मोटारीच्या मूल्यावर आकारला जात असल्याने आलिशान मोटारीला वर्षाकाठी लाखाच्या पुढे सहज जातो.

तीन वाहनांचा पाच वर्षांचा हिशेब

पाच वर्षांत ५० हजार किलोमीटर प्रवास, पेट्रोल १०५ रुपये लिटर, आणि पंधरा वर्षांच्या वाहनकराचा एकतृतीयांश भाग या पाच वर्षांवर, असे गृहीत धरू. विमा, टायर आणि देखभाल यांचे आकडे अंदाजाचे आहेत आणि कर्जावरील व्याज यात धरलेले नाही.

९८ लाखांची कूपे, ८ किलोमीटर प्रतिलिटर : घसारा ४९ लाख, पेट्रोल ६ लाख ५६ हजार, कर ६ लाख ५३ हजार, विमा साडेसात लाख, टायर ४ लाख, देखभाल ५ लाख. एकूण सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर लाख, म्हणजे किलोमीटरला १५७ रुपये. त्यात पेट्रोलचा वाटा शंभरात ८ रुपये.

सहा लाखांची लहान मोटार, १८ किलोमीटर प्रतिलिटर : घसारा ३ लाख, पेट्रोल २ लाख ९२ हजार, कर २२ हजार, विमा ९० हजार, टायर १६ हजार, देखभाल ४० हजार. एकूण सुमारे ७ लाख ६० हजार, म्हणजे किलोमीटरला १५ रुपये. पेट्रोलचा वाटा शंभरात ३८ रुपये.

ऐंशी हजारांची मोटरसायकल, ६० किलोमीटर प्रतिलिटर : घसारा ४० हजार, पेट्रोल साडेसत्त्याऐंशी हजार, कर ३ हजार, विमा १० हजार, टायर ५ हजार, देखभाल १० हजार. एकूण सुमारे १ लाख ५५ हजार, म्हणजे किलोमीटरला ३ रुपये. पेट्रोलचा वाटा शंभरात ५६ रुपये.

या आकड्यांतून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. वाहन जितके स्वस्त, तितका त्याच्या एकूण खर्चात पेट्रोलचा वाटा मोठा. पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी महागले, तर कूपेच्या मालकाचा एकूण खर्च शेकडा एक रुपयानेही वाढत नाही. मोटरसायकलस्वाराचा मात्र शेकडा पाच रुपयांहून अधिक वाढतो. पेट्रोलवरील कर लिटरवर आकारला जातो आणि पंपावर तो दोघांनाही सारखाच पडतो. ‘अॅव्हरेज किती देते?’ हा इंझोरीच्या पारावरचा प्रश्न मोटरसायकलच्या बाबतीत म्हणूनच अगदी रास्त आहे. निम्म्याहून अधिक खर्च तेथेच होतो. कूपेच्या बाबतीत तोच प्रश्न शंभरातील केवळ आठ रुपयांबद्दल असतो आणि उरलेले ब्याण्णव रुपये विचारायचे राहून जातात.

जुनी कूपे : किंमत उतरते, खर्च उतरत नाही

ही चूक सर्वांत महागात पडते ती जुनी आलिशान मोटार घेताना. समजा, दहा वर्षे वापरलेली कूपे १५ लाखांना मिळत आहे. तेवढ्यात नवी मध्यम मोटारही येते. घसाऱ्याचा मोठा भाग आधीच्या मालकाने सोसलेला असतो, हे खरे. परंतु मोटारीची किंमत १५ लाखांवर आली, म्हणून तिचा टायर, ब्रेकची डिस्क, टर्बो किंवा गिअरबॉक्स स्वस्त होत नाही. सुटे भाग पूर्वीच्याच किमतीच्या मोटारीचे असतात, आणि वय वाढल्याने ते अधिक वेळा बदलावे लागतात.

वर्षाला दहा हजार किलोमीटर धरल्यास अशा मोटारीला पेट्रोल १ लाख ३१ हजार, टायरांपोटी एक लाख, देखभालीसाठी दीड लाख आणि विम्यासाठी ५० हजार, असा सुमारे ४ लाख ३० हजारांचा वार्षिक खर्च येऊ शकतो. महिन्याला ३६ हजार, आणि तोही कर्जाचा हप्ता वगळून. १५ लाखांच्या नव्या मध्यम मोटारीला हाच खर्च वर्षाला दीड लाखाच्या आत बसतो. म्हणजे खरेदी किंमत सारखी, पण पोसण्याचा खर्च जवळजवळ तिप्पट.

शेतीच्या भाषेत सांगायचे, तर केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला होता. त्या भावाने जुन्या कूपेचा एका वर्षाचा खर्च सुमारे ८० क्विंटल सोयाबीनइतका होतो. एकट्या टायरांच्या संचासाठी साडेसदतीस क्विंटल लागतात. बाजारात हमीभावाइतका दर मिळाला नाही, तर हा आकडा आणखी वाढतो. पेरणी ते काढणीपर्यंतचा शेतीचा खर्च तर यात धरलेलाच नाही.

घेण्यापूर्वी काय पाहावे?

तरीही हौसेला मोल नसते आणि अशी मोटार घेण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहेच. मात्र व्यवहारापूर्वी काही बाबी तपासून घेणे हिताचे आहे.

मोटारीची नोंदणी कोणत्या राज्यातील आहे, हे प्रथम पाहावे. कमी करासाठी परराज्यात नोंदविलेल्या आलिशान मोटारी पुढे महाराष्ट्रात विकल्या जातात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे ‘एमएच-३७’ ही वाशिमची पाटी लावताना येथील कराची रक्कम नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकते. मोटारीवर कर्जाचा बोजा आहे का आणि मूळ राज्याचे ना हरकत प्रमाणपत्र आहे का, याचीही खातरजमा करावी.

विमा कंपनीकडून आगाऊ लेखी दर मागवावा. सुट्या भागांची पूर्ण किंमत देणारा विमा साधारणपणे पाच-सात वर्षांनंतर मिळणे कठीण होते. टायरवरील निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शविणारा चार आकडी क्रमांक वाचावा आणि त्याच मापाच्या नव्या संचाची किंमत विचारून घ्यावी. अधिकृत सेवा केंद्रातील देखभालीच्या नोंदी मागाव्यात. इंझोरी-मानोरा भागातून अशा केंद्रासाठी नागपूरसारखे मोठे शहर गाठावे लागते, त्यामुळे बंद पडलेली मोटार तेथवर नेण्याचा खर्चही मनात धरावा.

आणि मायलेज पाहायचेच असेल, तर पडद्यावरील आकड्यावर विसंबू नये. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरची नोंद करावी, तीन-चारशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवावी, त्याच पंपावर पुन्हा टाकी भरावी आणि झालेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागावे. ही पद्धत मोटरसायकलपासून कूपेपर्यंत सर्वांना सारखीच लागू पडते. त्यातून येणाऱ्या आकड्यापुढे टायर, विमा, कर, देखभाल आणि घसारा यांचे आकडेही त्याच कागदावर मांडले, की गाडी दारात उभी करायची किंवा समृद्धीवरून जाताना नुसती पाहायची, याचा निर्णय घरातल्या घरात होऊ शकेल.